एका गोळीतली तीन औषधे

दुखण्याला मराठीत शब्दांची वाण नाही. दात ठणकतो, गळू ठसठसते, पोटात कळ येते, पोटरीत पेटका येतो, पाठीत उसण भरते, कमरेपासून पायापर्यंत चमक जाते, सांधे आखडतात, अंग मोडून येते. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. घरातली म्हातारी गळवाला 'चमकते' म्हणणार नाही आणि उसणीला 'ठसठसते' म्हणणार नाही. शरीरशास्त्र न शिकलेल्या माणसांनी घडवलेले हे शब्द आहेत, पण त्यांच्यामागे शरीरशास्त्र आहे. ठणका आणि ठसठस म्हणजे बहुधा दाह. तिथे सूज असते, ऊब असते, आणि नाडीच्या ठोक्याबरोबर दुखणे वरखाली होते. पेटका म्हणजे स्नायू आकसून तसाच राहणे. चमक बहुधा मज्जातंतूवर दाब आल्याची असते. अंग मोडून येणे ही पुष्कळदा येऊ घातलेल्या तापाची वर्दी असते.

औषधाच्या दुकानात मात्र या सगळ्या शब्दांना एकच उत्तर मिळते. कंबर धरली म्हणा, मान आखडली म्हणा, गुडघा सुजला म्हणा, काउंटरवर एकच पट्टी येते. ती उलटी करून बारीक अक्षरे वाचलीत, तर तीन नावे दिसतील. पहिले डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक, दुसरे पॅरासिटामॉल, आणि तिसरे क्लोरझोक्साझोन, थायोकोल्चिकोसाइड किंवा टिझानिडिन यांपैकी एखादे.

वाचकहो, वाङ्मयाच्या व्याख्यानमालेत हा गोळ्यांचा विषय कुठून आला, असे आपणांस वाटेल. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. या गोळ्या मी लिहून देत नाही. पण समोर बसणारा रुग्ण खिशातून अशी पट्टी काढूनच बोलायला सुरुवात करतो, त्यामुळे ती वाचणे मला भाग पडते. या तीन नावांना तीन वेगळे इतिहास आहेत, आणि ती एका गोळीत आली त्याचा चौथा इतिहास आहे. तो क्रमाने पाहिला, म्हणजे 'नेमके काय दुखते' हा प्रश्न आपल्या व्यवहारातून कसा गळाला ते कळते.

पहिल्या नावाचे मूळ इंग्लंडमधल्या विलोच्या सालीत आहे. एडवर्ड स्टोन या पाद्रीने ती साल चाखली, तेव्हा तिचा कडवटपणा त्याला सिंकोनासारखा वाटला. साल वाळवून, कुटून त्याने हिवतापासारख्या तापाच्या सुमारे ५० माणसांना दिली आणि १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्र लिहिले. १८२८ साली म्युनिकच्या योहान बुख्नर यांनी सालीतून सॅलिसिन वेगळे काढले. १८७६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या थॉमस मॅक्लॅगन यांनी सांधे सुजून ताप येणाऱ्या संधिवाताच्या रुग्णांना ते देऊन पाहिले. ताप उतरला आणि सांधेही हलके झाले. पुढे १८९७ साली बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याच कुळातले ॲस्पिरिन तयार केले आणि १८९९ साली ते त्या नावाने बाजारात आले.

हे औषध करते काय, हे मात्र पुढची ७० वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. ते १९७१ साली लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले आणि १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. पेशीला इजा झाली की तिच्या आवरणातल्या स्निग्ध द्रव्यापासून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. ती रक्तवाहिन्या रुंद करतात, सूज आणतात आणि मज्जातंतूंची टोके इतकी हळवी करतात की नुसता स्पर्शही दुखतो. ही रसायने घडवणाऱ्या एन्झाइमला ॲस्पिरिन अडवते. पुढे आलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे थोड्याफार फरकाने तेच करतात. म्हणजे हे ठणक्याचे औषध.

पण प्रोस्टाग्लँडिन केवळ दुखवण्यासाठी नसतात. जठराच्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा थर त्यांच्या आधाराने टिकतो. शरीरात पाणी कमी पडले किंवा हृदय थकले, तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तेच सांभाळतात. गोळीला गुडघ्याचा पत्ता माहीत नसतो. ती रक्तातून सगळीकडे जाते आणि जिथे ते एन्झाइम भेटेल तिथे त्याला अडवते. त्यामुळे पोटात जळजळ होणे किंवा मूत्रपिंडावर ताण येणे हा औषधाचा एखादा वेगळा अवगुण नसून तोच गुण दुसऱ्या जागी दिसलेला असतो.

हे औषध एका शरीरात थांबत नाही, याचा दाखला आपल्या देशातच आहे. लंगडणाऱ्या, तापलेल्या जनावरांना डायक्लोफेनॅक टोचण्याची पद्धत पडली. टोचणाऱ्याच्या मनात दयाच होती; पांजरपोळाला दान देणाऱ्या माझ्या समाजाला ती सहज समजावी. पण ते जनावर मेल्यावर त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले आणि गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवरून हे सिद्ध केले आणि २००६ साली भारत सरकारने जनावरांसाठी हे औषध बंद केले. तोवर आपल्या आकाशातली बहुतेक गिधाडे गेली होती.

दुसऱ्या नावाचा इतिहास एका चुकीच्या पुडीपासून सुरू होतो. १८८६ साली स्ट्रासबर्गमध्ये आर्नोल्ड कान आणि पाउल हेप हे दोन तरुण डॉक्टर पोटातल्या जंतांवर नॅप्थालिन देऊन पाहत होते. एका रुग्णाचा ताप अचानक उतरला. चौकशी केली तेव्हा कळले, की औषधालयाने नॅप्थालिनऐवजी ॲसिटॅनिलाइड नावाचे भलतेच रसायन दिले होते. ते 'अँटिफेब्रिन' नावाने विकले जाऊ लागले. ताप उतरे, पण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून काही रुग्ण निळे पडत. म्हणून पुढच्याच वर्षी त्याचे भावंड फेनॅसिटिन आले. १८९३ साली योसेफ फॉन मेरिंग यांनी याच घराण्यातले पॅरासिटामॉलही वापरून पाहिले. पण त्यानेही रक्त बिघडते अशा समजुतीने ते मागे पडले. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये बर्नार्ड ब्रोडी आणि ज्युलियस ॲक्सेलरॉड यांनी दाखवले, की ॲसिटॅनिलाइडचे शरीरात जे पॅरासिटामॉल होते तेच खरे गुणकारी, आणि रक्त बिघडवणारा अंश निराळा. मग १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल बाजारात आले. बाजूला ठेवलेले औषध साठ वर्षांनी पुढे आले ते असे.

पॅरासिटामॉल बव्हंशी मेंदूत काम करते. नेमके कसे, यावर शास्त्रज्ञांचे आजही पूर्ण एकमत नाही. ताप उतरवणे आणि साधारण दुखणे सुसह्य करणे हे त्याचे काम. सूज उतरवण्यात ते कमी पडते. पोटाला ते सौम्य असते, पण त्याची विल्हेवाट यकृतात लागते. तिथे त्याचा थोडा भाग विषारी रूप घेतो आणि यकृतातले ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. मात्रा फार झाली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि ते विष यकृतालाच जाळते. निरोगी प्रौढाला दिवसाला ४ ग्रॅमच्या पुढे जायचे नाही ही मर्यादा त्यासाठी आहे. कृश, मद्य घेणाऱ्या किंवा यकृताचा आजार असणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहून अलीकडेच असते.

तिसऱ्या नावाविषयी गैरसमज सर्वांत जास्त. 'स्नायू शिथिल करणारे' म्हटले, की हे औषध आखडलेल्या कमरेच्या स्नायूत जाऊन गाठ सोडते असे वाटते. स्नायूच्या दारातच काम करणारे औषध आहे. ते म्हणजे क्युरारे, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींच्या बाणाचे विष. मज्जातंतू आणि स्नायू जिथे मिळतात तिथे क्युरारे निरोप अडवते, हे फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकात बेडकांवर प्रयोग करून दाखवले. १९४२ साली माँट्रियलमध्ये हॅरोल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी ते शस्त्रक्रियेच्या वेळी वापरले. पण क्युरारे श्वासाचे स्नायूही थांबवते. त्याची जागा भूलतज्ज्ञाच्या हाताखालीच.

आपल्या गोळीतल्या औषधाचे कूळ वेगळे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रँक बर्गर हे चेक डॉक्टर इंग्लंडमध्ये पेनिसिलिन टिकवण्याच्या खटपटीत होते. पेनिसिलिनचा नाश करणाऱ्या जंतूंवर चालेल असे रसायन शोधताना त्यांनी एक पदार्थ उंदरांना टोचला. उंदीर जागे होते, श्वास नीट चालू होता, पण अंगे ढिली पडली होती. त्या कामातून मेफेनेसिन निघाले आणि १९४६ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा परिणाम फार थोडा वेळ टिके. पुढे अमेरिकेत गेल्यावर बर्गर यांनी अधिक टिकणारे मेप्रोबमेट तयार करवले. १९५५ साली ते 'मिलटाउन' या नावाने आले, ते मात्र चिंता घालवणारी गोळी म्हणून. १९५८ साली क्लोरझोक्साझोनला आणि १९५९ साली कॅरिसोप्रोडॉलला तिकडे परवानगी मिळाली. या कॅरिसोप्रोडॉलचे शरीरात पुन्हा मेप्रोबमेटच होते. कंबर दुखते म्हणून गोळी घेतली, आणि रक्तात चिंता घालवणारे, सवय लावणारे औषध फिरले, असा तो प्रकार. युरोपच्या औषध संस्थेने २००७ साली त्याची विक्री थांबवण्याची शिफारस केली.

क्लोरझोक्साझोनही कमरेच्या स्नायूला हात लावत नाही. मज्जारज्जूत आणि मेंदूच्या खालच्या भागात ते निरोपांची देवाणघेवाण मंदावते. दुखऱ्या जागेहून निघालेला निरोप मज्जारज्जूत पोचतो, तिथून स्नायूला आकसण्याचा हुकूम सुटतो, आकसलेला स्नायू आणखी दुखतो. हे चक्र तिथे सैल पडते. त्याबरोबर झापडही येते. गोळी घेऊन हलके वाटले यात किती वाटा सुटलेल्या स्नायूचा आणि किती आलेल्या गुंगीचा, हे रुग्णाला सांगता येत नाही. म्हणून ती घेऊन दुचाकी चालवू नये. शिवाय क्लोरझोक्साझोनने क्वचित यकृताला गंभीर इजा होते. आणि ते ज्या गोळीत असते तिच्यात यकृतावर भार टाकणारे पॅरासिटामॉल आधीच बसलेले असते.

थायोकोल्चिकोसाइडचे मूळ आपल्या ओळखीच्या वनस्पतीत आहे. कोकणात आणि घाटात पावसाळ्यात ज्वाळेसारखी लालपिवळी फुले येणारी कळलावी आपण पाहिली असेल. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून तिच्या कंदाचा लेप लावीत, त्यावरून ते नाव पडले. झाड विषारी. त्याच्या बियांतल्या कोल्चिकोसाइडपासून हे औषध बनवतात. कळ लावणाऱ्या झाडातून कळ घालवणारे औषध निघाले. पण त्याचे शरीरात जे रूपांतर होते त्यामुळे पेशी विभागताना गुणसूत्रांची संख्या बिघडू शकते, असे आढळले. म्हणून युरोपच्या औषध संस्थेने २०१३ साली मर्यादा घातली: तोंडावाटे ८ मिलिग्रॅम दर १२ तासांनी, आणि सलग ७ दिवसांहून अधिक नाही. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते द्यायचे नाही.

आता ही औषधे एकत्र कशी आली ते पाहू. ॲस्पिरिन, फेनॅसिटिन आणि कॅफिन यांची एकत्र गोळी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभर खपत होती. कॅफिन म्हणजे चहा-कॉफीतले उत्तेजक द्रव्य. ते दुखणे थोडे कमी करते आणि तरतरी आणते; पण रोजची सवय सुटली की डोके दुखते. त्या डोकेदुखीवर पुन्हा तीच गोळी.

स्वीडनमधल्या हुस्क्वार्ना या गावात याचा परिणाम दिसला. तिथे शस्त्रांचा कारखाना होता. १९१८ च्या फ्लूच्या साथीत यॉर्टन नावाच्या डॉक्टरांची पूड कामगारांत पसरली. तिच्यात फेनॅसिटिन, फेनाझोन आणि कॅफिन होते. साथ गेली, पूड राहिली. कामाचा शीण घालवायला कामगार ती रोज घेऊ लागले. पुढे काही दशकांनी तिथे मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरू लागली. कुर्ट ग्रिमलुंड यांनी १९६३ साली या गावाचा अभ्यास प्रसिद्ध करून पूड आणि मूत्रपिंडाचा रोग यांचा संबंध दाखवला. त्याआधी १९५३ साली स्वित्झर्लंडमध्ये श्प्यूलर आणि झोलिंगर या डॉक्टरांनी असेच लिहिले होते. ऑस्ट्रेलियात अशाच पुड्या घरोघरच्या गृहिणी चहाबरोबर घेत, आणि तिथेही तोच रोग पसरला. १९७९ साली तिथे त्यांची खुली विक्री थांबली. १९८३ साली अमेरिकेने आणि भारताने फेनॅसिटिन बंद केले.

हुस्क्वार्नाच्या कामगारांना वाईट औषध कोणी मुद्दाम दिले नव्हते. फ्लूच्या तापाला ती पूड चालली असती. पण शीण, डोकेदुखी, अंगदुखी, कंटाळा या सगळ्यांवर तीच चालते असे ठरल्यावर 'ही आज कशासाठी घेतो आहे' हे विचारायचे कोणाला कारण उरले नाही. आमच्या बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागेत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून आयुष्य काढलेली माणसे आहेत. त्यांची कंबर धरते ती बैठकीने. त्या दुखण्याला सूज नसते, ताप नसतो. तरी त्यांच्या पट्टीत सुजेचे औषध असते आणि तापाचेही असते.

एकत्र औषधे मुळातच वाईट, असे मात्र मला म्हणायचे नाही. जुलाबावरची मीठ-साखरेची पूड हे मिश्रणच आहे. साखर असल्याशिवाय आतडे मीठ आणि पाणी नीट शोषत नाही, म्हणून दोन्ही एकत्र हवीत. क्षयावर चार औषधे एकदम देतात, कारण एकट्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात. अक्कलदाढ काढल्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतल्यास एकेकट्यापेक्षा जास्त आराम पडतो, कारण दोघांची कामाची ठिकाणे वेगळी आहेत. घटकांना एकमेकांची गरज आहे का, आणि या रुग्णाला प्रत्येकाची गरज आहे का, हे दोन प्रश्न विचारून मिश्रण पारखायचे असते.

सरकारने हे प्रश्न विचारले, त्या कथेत बेळगावचा संबंध येतो. देशातल्या एकत्र औषधांची छाननी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. चंद्रकांत कोकाटे हे त्या वेळी आपल्या केएलई विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्या समितीच्या आधाराने १० मार्च २०१६ रोजी केंद्र सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण तज्ज्ञांच्या मंडळाकडे सोपवले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. सॅरिडॉनसारखी काही मिश्रणे १९८८ च्या आधीपासून विकली जातात या मुद्द्यावर सुटली. म्हणजे निकाल औषधाच्या गुणावर नव्हे, तारखेवर लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. त्यांत ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅमची गोळीही होती. मी वर सांगितलेली त्रिकुटे मात्र दुकानात आहेत.

आमच्या होमिओपॅथीत हानेमान यांनी 'ऑर्गनॉन'मध्ये एका वेळी एकच साधे औषध द्यावे असा नियम घातला. त्यांच्या काळी वैद्य दहा-दहा द्रव्यांचे काढे लिहीत. कोणत्या द्रव्याने काय झाले हे मग कळत नसे. त्या नियमाची आठवण द्यायला मला संकोच वाटतो, कारण आमच्याही दुकानांत आज 'कंबरदुखीसाठी', 'सांध्यांसाठी' अशी लेबले लावलेल्या मिश्रणांच्या बाटल्या विकल्या जातात. रुग्णाला विचारण्याचा कंटाळा कोणा एका पॅथीचा नाही.

सीमाभागात तर आणखी एक अडचण आहे. आपले डॉक्टर पुष्कळदा कन्नड बोलणारे असतात. कन्नडातही दुखण्याचे शब्द आहेत. दुखणे म्हणजे नोवू, आग होणे म्हणजे उरी, ओढ लागणे म्हणजे सेळेत. पण मराठी रुग्ण आणि कन्नड डॉक्टर दोघेही आपापले शब्द बाजूला ठेवून एकाच इंग्रजी शब्दावर भेटतात: "पेन होतंय." इतक्या कमी माहितीवर डॉक्टरने तीन औषधे लिहिली, तर त्यालाही सगळा दोष देता येत नाही. कुठले दुखणे हे कळले नाही, तर तिन्ही दिशांना एकेक बाण सोडणे त्याला सोयीचे पडते.

म्हणून, वाचकहो, काही साध्या गोष्टी करा. डॉक्टरांपुढे 'पेन' म्हणू नका. ठणकते की चमकते, सकाळी उठताना आखडते की चालून आल्यावर दुखते, शेकल्याने बरे वाटते की वाढते, हे सांगा. डॉक्टरांना मराठी येत नसेल तर हाताने दाखवून सांगा. पट्टीमागची नावे वाचा. अक्षर लागत नसेल तर नातवाला वाचायला सांगा. दोन पट्ट्यांत एकच नाव आहे का ते पाहा. ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एकत्र गोळी दिवसातून दोनदा, सर्दीची ५०० मिलिग्रॅमची तीनदा आणि तापाची ६५० ची तीनदा घेतली, तर ४१०० मिलिग्रॅम होतात. मर्यादा ओलांडली गेली आणि माणसाला वाटते आपण तीन वेगळी औषधे घेतली. साठी उलटली असेल, रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर ते गोळी लिहिण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. डॉक्टरांनी दिलेले औषध मात्र हा लेख वाचून परस्पर बंद करू नका. त्यांना विचारा, की यातले प्रत्येक औषध मला कशासाठी, आणि किती दिवस. जुनी पट्टी दाखवून दुकानातून पुन्हा तीच आणणे तेवढे आजपासून थांबवा.